घर पाहण्याआधी कर्जाची पूर्वमंजुरी: या चुका टाळा

पूर्वमंजुरीचे पत्र हाती पडले की सांगलीत पुष्कळ जण थेट विसार द्यायला धावतात, आणि नात्यागोत्यातली कर्जप्रकरणे जुळवताना ही एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता समजावण्याचाही कंटाळा येतो. ते पत्र तुमच्याविषयी असते, घराविषयी नसते. उत्पन्न, चालू हप्ते आणि सिबिल, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीची नोंद, पाहून बँक अंदाजे रक्कम सांगते. जागेची कायदेशीर छाननी आणि मूल्यांकन त्यानंतर होते.

माझ्या भाच्याने कुपवाडच्या बाजूला बैठे घर पाहिले आणि ‘मामा, पत्र आहे की खिशात’ म्हणत त्याच रविवारी २ लाखांचा विसार दिला. बँकेच्या वकिलाने कागद मागितले तेव्हा कळले की प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेला, असून त्याच्या नियमितीकरणाचे प्रमाणपत्र कोणी काढलेलेच नव्हते. प्रकरण परत आले. ‘कर्ज नामंजूर झाल्यास विसार परत’ ही ओळ पावतीत नसल्याने मालकाने सात महिने झुलवून, ५० हजार कापून पैसे दिले. तेव्हापासून मी आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, बिगरशेती आदेश किंवा गुंठेवारीचे प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा पाहतो, मगच घराचे स्वयंपाकघर पाहतो. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या या शहरात पाणी भिंतीवर कुठवर आले होते, हेही शेजाऱ्यांना विचारतो. एजंट वैतागतात, वैतागू देत.

दुसरी चूक हिशेबाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांचे कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळते, म्हणजे ४० लाखांच्या घराला फार तर ३२ लाख. उरलेल्या ८ लाखांशिवाय पूर्ण किमतीवर महापालिका हद्दीतले ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २.४० लाख, आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. हा खर्च बँक किमतीत धरत नाही. १० लाख ७० हजार तयार नसतील तर घरे पाहत हिंडण्यात अर्थ नाही.

एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नयेत, कारण प्रत्येक चौकशी सिबिलवर नोंदली जाते. पत्र मिळाल्यावर दसऱ्याला हप्त्यावर गाडी घेऊ नये. पत्राची मुदत बहुधा तीन ते सहा महिनेच असते. श्रावणात पत्र घेऊन पितृपक्ष टळण्याची वाट पाहणाऱ्यांना दिवाळीत पुन्हा पगारपत्रके जोडावी लागतात.