कच्च्या आहाराची सुरुवात चाळणी, किसणी आणि पंचावर

कच्चा आहार सुरू करायचा म्हटले की ज्यूसर, डिहायड्रेटर (फळे-भाज्या वाळवण्याचे यंत्र) अशी महागडी यादी पुढे येते; सुरुवातीला त्यातले काहीही लागत नाही.

१. मूठभर मूग निवडून, धुऊन रात्रभर भिजवावेत आणि सकाळी चाळणीत उपसावेत.

२. चाळणी पातेल्यावर ठेवून मुगांवर ओला पंचा पसरावा. पाणी खाली निथळत राहिल्याने मूग चिकट होत नाहीत, आणि कापडात बांधलेल्या मुगांसारखी पुरचुंडी सोडावी न लागता सकाळ-संध्याकाळ नळाखाली धुताही येतात. उन्हाळ्यात दिवसभरात मोड दिसतात, थंडीत जास्त वेळ लागतो.

३. जेवणाच्या वेळी त्यात चोचवलेली काकडी, किसलेले गाजर, ओले खोबरे आणि लिंबू घालावे. मीठ मात्र अगदी पानात वाढताना घालावे, कारण काकडीला लगेच पाणी सुटते आणि कोशिंबिरीचे सार होते.

कच्च्या मोडांत जंतू वाढू शकतात. म्हणून आंबूस वास येणारे मूग टाकून द्यावेत, आणि गर्भवती, लहान मुले व वृद्ध यांना मोड नीट शिजवूनच द्यावेत. राजमा तर कोणीच कच्चा खाऊ नये.