खाली बसवलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचा बंप स्टिअर कसा काढायचा

स्टिअरिंग घट्ट धरलंय, रस्ता सरळ आहे, आणि एक चाक उंचवट्यावर चढलं की गाडी आपोआप बाजूला खेचते, म्हणजे बंप स्टिअर. गोव्यात हे लपत नाही, पुलांवरचे जॉइंट, वाड्यावाड्यातले गतिरोधक, पावसाळ्यानंतर भरलेले खड्डे, सगळीकडे जाणवतं. लोक आधी अलाइनमेंटला गाडी नेतात, पैसे देतात आणि फरक काहीच पडत नाही, कारण तिथे टो, म्हणजे चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर किती वळलीय, बघतात तो गाडी उभी असताना, आणि हा आजार चाक वरखाली हलतं तेव्हाचा आहे.

उदाहरणाला मी ट्रायम्फ स्पिटफायर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार धरतो. १९६२ ते १९८० पर्यंत बनलेली ही गाडी ट्रायम्फच्याच हेराल्डच्या कुटुंबातली, आणि हेराल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड कंपनीने बनवली, म्हणून जुन्या मेकॅनिकांच्या हाताखालून हे पुढचं सस्पेन्शन गेलेलं असतं. स्टिअरिंग रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावीउजवीकडे सरकणारी आडवी दांडी, चाकांच्या मधल्या रेषेच्या पुढे आहे, हे लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावर अवलंबून आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की गाडी खाली केल्यामुळे भूमिती बिघडली. तसं नाही. विशबोन (चाक धरणारे वरखाली हलणारे हात), रॅक, टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतची दांडी) सगळं आहे तिथेच आहे, चाक वरखाली होताना टो जसा बदलायचा तसाच बदलतो, फक्त तुमची गाडी आता टो बदलण्याच्या त्या वक्ररेषेच्या दुसऱ्याच तुकड्यावर उभी आहे, आणि तिथे उतार जास्त आहे. म्हणून ५० मिलिमीटर खाली केलेली गाडी २० वर आणली की अर्धा त्रास आपोआप जाऊ शकतो. गोव्याच्या रस्त्यांना माझं मत विचाराल तर २५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली करूच नका, बंप स्टॉपला (चाक पार वर गेलं की अडवणाऱ्या रबराला) लागलेलं सस्पेन्शन कुठल्याही स्पेसरने (मध्ये घालायच्या पट्टीने) सुधारत नाही.

मोजण्याआधी ढिलाई शोधा. स्पिटफायरची रॅक दोन यू बोल्टने रबरी पॅडवर बसलेली असते, ते रबर जुनं झालं की रॅक स्वतःच डावीउजवीकडे सरकते. एकाला स्टिअरिंग हलवायला लावा आणि तुम्ही खालून रॅकवर हात ठेवून बघा, सरकतेय तर आधी पॅड बदला. तसंच ट्रुनियन, म्हणजे चाक वळतं तो खालचा सांधा, त्यात ग्रीस नाही तर ईपी ९० ऑइल लागतं, आणि टाय रॉड एंड, विशबोनचे बुश, व्हील बेअरिंग. यातलं काही सैल असेल तर मोजलेले आकडे फुकट. कॅम्बर (चाकाचा आतबाहेर कल) आणि कॅस्टरही (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढेमागे कल) आधीच सेट करा, कारण कॅस्टर बदलला की टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची बदलते आणि परत सगळं पहिल्यापासून.

आता मोजमाप. गाडी सपाट जमिनीवर, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं ओझं ठेवून, हबच्या (चाक बोल्टने बसतं त्या भागाच्या) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची लिहून घ्या. हा तुमचा शून्य. मग गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, चिऱ्यांवर अजिबात नको, चिरा वजनाखाली एकदम फुटतो. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्रच काढा, स्प्रिंग वेगळी करायची असेल तर कम्प्रेसर लावूनच, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो. अँटी रोल बार (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारी दांडी) एका बाजूने सोडा. स्टिअरिंग मधोमध आणून घट्ट बांधा.

चाकाच्या जागी हबवर सपाट प्लेट बसवा. ॲल्युमिनियमची मिळाली तर उत्तम, नाहीतर सुताराकडून सनमायका लावलेला १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा घ्या, वाकलेला नसावा एवढंच बघा. प्लेटला टेकवून दोन डायल गेज (बारीक हालचाल मोजणारी घड्याळं) लावा, एक पुढे, एक मागे, मधलं अंतर ४०० मिलिमीटर. दोन लागतात कारण चाक वर जाताना आतबाहेरही सरकतं, एका गेजने फसाल, दोघांतला फरक म्हणजे टो. जॅकने हब शून्यापासून १० मिलिमीटरच्या पायरीने ५० पर्यंत वर आणि ५० खाली न्या, प्रत्येक वेळी फरक लिहा. पुढची बाजू मागच्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त आत गेली तर तो साधारण ०.४३ अंश टो-इन, हा हायवेवर चांगलाच जाणवतो. मग कागदावर आलेख काढा, डोळ्यांनी बघितल्याशिवाय समजत नाही.

आलेख सरळ तिरका असेल, म्हणजे वर जाताना एकीकडे आणि खाली येताना उलटीकडे, तर दोष उंचीचा. रॅक पुढे असलेल्या गाडीत चाक वर जाताना टो-इन होत असेल तर टाय रॉडचं बाहेरचं टोक जास्त उंच आहे, ते खाली घ्या किंवा रॅक वर उचला. टो-आउट, म्हणजे पुढची कड बाहेर, होत असेल तर उलट. रॅक मागे असलेल्या गाडीत हे दोन्ही नियम उलटे. आणि वर जाताना खाली येताना दोन्ही वेळी एकाच बाजूला वळत असेल, म्हणजे आलेख वाटीसारखा, तर दोष टाय रॉडच्या लांबीचा, तिथे आतला जॉइंट सरकवावा लागतो. टाय रॉड एंड फिरवून हे जात नाही, त्याने फक्त उभ्या गाडीचा टो बदलतो.

उंचीच्या दोषाला, रॅक वर उचलायची असेल तर, स्पिटफायरमध्ये सोपा मार्ग म्हणजे रॅकखाली स्पेसर. आधी ५ मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंना सारखी टाकून परत मोजा. ३ चा फरक दीडवर आला तर अजून ५ ने तो जवळपास जाईल, असा हिशोब. दोन्ही चाकं स्वतंत्र मोजा, डावंउजवं वेगळं आलं तर रॅक तिरकी बसलीये. यू बोल्टची लांबी पुरतेय का, कॉलमचा जॉइंट कुठे अडकतोय का, रॅक रेडिएटरला किंवा इंजिनला लागतेय का, हे स्टिअरिंग टोकाटोकापर्यंत फिरवून बघायचंच.

दुसरा मार्ग टाय रॉड एंडऐवजी रोझ जॉइंट (सगळीकडे फिरणारा गोल धातूचा सांधा) आणि स्पेसर. यात बाहेरच्या टोकाची उंची हवी तशी मिळते, पण बोल्टला एकाच बाजूने आधार आणि खाली उंच स्पेसर असं करू नका, त्यावर वाकवणारा जोर येतो. चांगल्या लेथवाल्याकडून योग्य टेपरचा स्टड बनवून घ्या, रबरी बूट लावा, गोव्याची खारी हवा आणि पावसाळा उघड्या रोझ जॉइंटला लवकर संपवतो. स्टिअरिंग आर्म गरम करून वाकवायला कुणी सांगितलं तरी ऐकू नका, फोर्ज केलेला भाग आहे, गरम केल्यावर त्याची ताकद राहत नाही.

शून्याच्या वरखाली २५ मिलिमीटरमध्ये फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की मी थांबतो, त्यापलीकडची टोकं परिपूर्ण करण्यात अर्थ नाही कारण रस्त्यावर तेवढं चाक क्वचितच हलतं. सगळं जोडल्यावर मॅन्युअलप्रमाणे टो नव्याने सेट करा, नवीन नायलॉक नट आणि नव्या स्प्लिट पिन वापरा, पहिली फेरी सकाळी लवकर मोकळ्या रस्त्यावर हळू मारा, आणि घरी परत आल्यावर यू बोल्ट आणि टाय रॉड एंडचे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा.