किडनी देणाऱ्याचं पान

बाबांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा घटक, आठच्या पुढे गेलं तेव्हा आमच्या घरात एक वही सुरू झाली. डायलिसिसचे वार, इंजेक्शनं, दिवसाला किती पाणी, पोटॅशियम किती. नागपूरच्या माणसाला संत्र्याची फोड मोजून द्यावी लागते, हे त्या वहीमुळे कळलं. आईला शुगर, भावाला मुतखड्याचा जुना त्रास, म्हणून किडनी मी देणार असं ठरलं. तरी कितीतरी दिवस त्या वहीत माझ्या नावाचं पानच नव्हतं. ते मी फार उशिरा उघडलं. तुम्ही आईला किंवा वडिलांना किडनी देणार असाल तर ते आधी उघडा.

त्या पानावर पहिली ओळ डॉक्टरांना एकट्याने भेटण्याची. सोबत आई नको, भाऊ नको, नवरा नको. मनातली भीती, पुढच्या बाळंतपणाचा विचार, घरातला दबाव, सगळं तिथे बोलून घ्या. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही म्हणायचा हक्क तुमचा असतो. मी हो म्हणूनच गेले होते, पण तो हक्क आपला आहे हे कळल्यावर माझं हो मला स्वतःचं वाटलं. देणाऱ्याचे डॉक्टर आणि घेणाऱ्याचे डॉक्टर वेगळे असतील तर फार बरं. नसतील तर तसं मागा.

बाबांशी बोलण्याचीही तयारी लागते. आमचे बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी डायलिसिसहून आले, फिस्तुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शीर जोडलेल्या, हातावर पट्टी तशीच, आणि म्हणाले, "लेकीच्या पोटावर चिरा देऊन जगू का मी बाई?" मी वाद घातला नाही. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत नेलं आणि देणाऱ्याला काय काय होऊ शकतं ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवलं. धोका लपवून त्यांचा होकार मिळवला असता तर नंतर माझ्या साध्या तापानेही ते खचले असते.

तपासण्यांना दीड-दोन महिने धरा. रक्तगट सगळ्यात आधी. तो जुळला नाही तरी दार बंद होत नाही. दोन कुटुंबांमध्ये अदलाबदल करून प्रत्यारोपण करायला कायद्याने परवानगी आहे. एचएलएमध्ये, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांमध्ये, लेकरू आई-वडिलांशी निम्मं जुळतंच, त्यामुळे सहापैकी तीनच जुळल्याचा रिपोर्ट पाहून घाबरू नका. क्रॉसमॅच, म्हणजे घेणाऱ्याचं रक्त देणाऱ्याच्या पेशींवर हल्ला करतं का ते बघणारी तपासणी, मात्र नीट समजून घ्या. ती निगेटिव्ह आली म्हणजे चांगलं. आमच्याकडे फोनवर "निगेटिव्ह" ऐकून आत्या रडायला लागली होती, तिला समजावता समजावता माझाच गळा दाटून आला. शिवाय दोन्ही किडन्या किती काम करतात ते बघणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी, ईसीजी, इको, ग्लुकोज पाजून केलेली शुगर, कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्या, मानसोपचारतज्ज्ञांची भेट. चोवीस तासांची लघवी गोळा करायची तो दिवस सुट्टीचा घ्या. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, नंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीच्या पहिलीसकट. मी एकदा सवयीने विसरले आणि सगळं पुन्हा करावं लागलं. बाथरूमच्या दारावर कागद चिकटवा.

आता कागदपत्रं. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून इथेच सविस्तर सांगते. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, नवरा-बायको हे जवळचे नातेवाईक. 2011 च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडंही त्यात आली. देणारा अठरा वर्षांवरचा हवा. नातं सिद्ध करायला जन्मदाखला, आधार, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो असं बरंच लागतं. लग्न झालेल्या मुलीची अडचण नावाची. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि रेशन कार्डावर बाबांच्या नावातली एक वेलांटी वेगळी. त्या वेलांटीने आमचे अकरा दिवस खाल्ले. लग्नाचा दाखला, नावबदल केला असेल तर राजपत्र, आणि सगळ्या स्पेलिंगचा एकच माणूस असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र, हे तपासण्या सुरू व्हायच्या आधीच करून ठेवा. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स, मूळ प्रती वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल एकाच माणसाच्या ताब्यात.

प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीसमोर मुलाखत होते, तिचं चित्रीकरण होतं. कुणी पैसे दिले का, जबरदस्ती केली का, ऑपरेशनचे धोके माहीत आहेत का, असं विचारतात. देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, तिची संमती स्वतंत्रपणे पडताळावी असं नियमांतच आहे. मला बाहेर जाऊन रडू आलं, कारण इतक्या महिन्यांत "तुला खरंच द्यायची आहे का" असं पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

पैशांचं थोडक्यात. देणाऱ्याचा खर्च पॉलिसीत बसतो का, ऑपरेशनआधीच्या तपासण्या धरल्यात का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा 4.5 लाखांपर्यंत वाढवलेली आहे. पात्रतेची चौकशी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, करा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना 2023 पासून अवयवदानासाठी 42 दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते. खासगी नोकरीत साहेबांशी आधी बोला आणि सहा आठवड्यांच्या आत परत यायचा शब्द देऊ नका. बाबांच्या आयुष्यभराच्या गोळ्यांचा महिन्याचा हिशेब वेगळा मांडा.

तारीख ठरवताना आपलं ऊन लक्षात घ्या. शक्य असेल तर मे टाळा. पंचेचाळीस डिग्रीत टाके सांभाळत पडून राहणं आणि अंगातलं पाणी टिकवणं दोन्ही कठीण. बाबांच्या खोलीसाठी कूलरचा विचार आत्ताच करा. साचलेलं पाणी, ओला वाळा, डास हे नवी किडनी टिकावी म्हणून गोळ्यांनी प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसासाठी धोक्याचं आहे. आम्ही त्या खोलीत जुना का होईना एसी बसवला. भेटायला येणाऱ्यांचं आधी बोलून ठेवा. आपल्याकडे माणसं डबा घेऊन प्रेमाने येतातच, म्हणून दारावर पाटी लावली: फोन करा, दोन महिने भेट नको. मावशीला राग आला. तिला मी स्वतः फोन करून सांगितलं की सांबारवडी पाठव, पण माझ्यासाठी.

हॉस्पिटलच्या पिशवीत नाडीचे कपडे ठेवू नका. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं तरी किडनी बाहेर काढायला पोटावर एक चीर असते, माझी ओटीपोटावर होती, आणि नाडी नेमकी तिथेच काचते. सैल गाउन घ्या. एक छोटी उशी घ्या. खोकताना पोटावर दाबायची आणि घरी येताना गतिरोधकांवर धरायची. खांदा दुखेल. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या गॅसमुळे तो दुखतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि रात्रभर मी हृदयाचं काही झालं म्हणून घाबरले होते.

तीन-पाच दिवसांत घरी सोडतात, पण सहा आठवडे पाण्याची बादली, सिलिंडर, कडेवरचं मूल काहीही उचलायचं नाही. स्कूटी डॉक्टर सांगतील तेव्हाच. म्हणून मुलांचा डबा कोण करणार, शाळेत कोण सोडणार, हे नावानिशी लिहा. "बघू" असं लिहू नका. आणि एक माणूस फक्त तुमच्यासाठी ठेवा. सगळे बाबांच्या काचेपाशी उभे असतात, लघवी किती झाली ते मोजत असतात, आणि तुमच्या कॉटपाशी पाण्याचा ग्लास द्यायला कुणी नसतं. माझ्याजवळ माझी जाऊ होती. तिचं नाव त्या पानावर मी सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिलंय.

बसवलेली किडनी चालेलच असं नाही, चालली तरी ती कायमची नसते. यावर घरात एकदा तरी उघड बोला. तुमचं क्रिएटिनिनही आधीपेक्षा थोडं वर राहील, माझं 0.7 होतं, आता 1.1 असतं, एका किडनीवर ते साहजिक आहे. पण आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, अगदी दाढदुखीलाही नाहीत. बाळ हवं असेल तर साधारण वर्षभर थांबा आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, रक्तदाबावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. बाबांच्या पथ्यात ग्रेपफ्रूट आणि पपनस बंद, टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीशी त्यांचं जमत नाही. संत्रं त्यांना पोटॅशियम बघून परत मिळालं.

वर्षातून एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, हे आयुष्यभर. मी पहिल्याच वर्षी चुकवत होते, कामाच्या गडबडीत. सकाळी आठच्या गोळीचा गजर बंद करून बाबांनी फोन केला, "बाई, माझ्या वहीत तुझं पान कोरं आहे." सोमवारी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन आले.