मिरगाच्या आधी कॉम्प्युटरची पण शाकारणी करा

आमच्या देवगडात मे संपत आला की घर शाकारायची, लाकडं भरायची घाई सुरू होते, पण कॉम्प्युटरचं कोणाच्या डोक्यातच येत नाही आणि मग पहिल्या वादळात लाईट गेली की बोंबाबोंब. माझं तसंच झालेलं, विंडोजचा अपडेट अर्ध्यात आणि लाईट गेली, परत आली तर नुसते ठिपके गोल गोल फिरतायत, डेस्कटॉप काय येईना, आणि आत अख्ख्या सीझनचा हापूसच्या पेट्यांचा हिशोब. आदल्या आठवड्यातला एक रिस्टोअर पॉइंट (विंडोज नीट चालत असतानाची जपून ठेवलेली स्थिती) होता म्हणून वाचलो.

तर हे आजच करा. स्टार्टमधे 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप करा, सिस्टिम प्रोटेक्शनचा टॅब उघडतो, तिथे सी ड्राइव्हसमोर 'ऑफ' दिसलं तर घाबरू नका, बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं. कॉन्फिगर दाबा, टर्न ऑन करा, खालची पट्टी (यासाठी डिस्कवरची किती जागा द्यायची ती) 5 ते 10 टक्क्यांवर आणा, मग क्रिएट दाबून नाव द्या, मी 'पावसाआधी' असंच देतो. यात विंडोजच्या फाइली, ड्रायव्हर (प्रिंटर वगैरे चालवणारे छोटे प्रोग्रॅम), रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) यांची त्या दिवशीची स्थिती राहते. तुमचे फोटो, एक्सेल यात नसतात हां, डिलीट झालेली फाइल यातून परत येत नाही, तिची कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवायलाच हवी.

दुसरं म्हणजे रिकव्हरी ड्राइव्ह, मशीन आपणहून उठलं नाही तर ज्यावरून चालू करता येतं असा पेनड्राइव्ह. निदान 16 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या (आतलं सगळं पुसलं जातं), स्टार्टमधे 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधा, पुढे तो सांगतो तसं करत जा. वेळ लागतो, तेव्हा लाईट असेल त्या दिवशीच बसा.

आता मशीन उठलंच नाही तर? दोन-तीनदा चालू होणं फसलं की विंडोज आपणहून दुरुस्तीच्या स्क्रीनवर येतं, नाही आलं तर पेनड्राइव्हवरून चालू करा. ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, आधी स्टार्टअप रिपेअर, जमलं नाही तर सिस्टिम रिस्टोअर. रिस्टोअर चालू असताना मधेच बटण दाबू नका, कितीही वेळ लागो, आणि यूपीएस असेल तर त्याच्यावरच लावा. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर मात्र जातात, ते परत टाकावे लागतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 आकडी रिकव्हरी की मागतो, लोक इथेच अडकतात, म्हणून मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून ती आधीच काढून वहीत लिहा.

आणि तो पेनड्राइव्ह टेबलावर टाकू नका, आमच्या खाऱ्या हवेत पिना गंजतात. मी झिपच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या डब्यात ठेवतो, कीची वही पण तिथेच.