मुलाचं वजन वाढतंय? सुरुवात घरापासून अशी करा

माझी मुलगी तिसरीत असताना तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट पट्टा दिसायला लागला. मळ बसलाय समजून मी दर रविवारी डाळीचं पीठ लावून तो घासायचे. ती रडायची, तरी मी घासायचे. एकदा तापासाठी दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी मान पाहून सांगितलं की हा मळ नाही. वजन जास्त वाढून शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, नीट दाद देईनासं झालं की त्वचा अशी जाडसर, मखमली आणि काळी होऊ शकते. मग त्यांनी वजन-उंची घेतली आणि विचारलं, "घरात संध्याकाळी काय खाता तुम्ही सगळे?"

त्यानंतर आम्ही काय केलं, ते क्रमाने सांगते.

पहिला आठवडा: फक्त लिहा

काहीही बदलू नका. एक वही घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं लिहा: किती वाजता, काय, कशासमोर बसून. एकट्या मुलाचं लिहिलं तर त्याला आपल्यावर पाळत आहे असं वाटतं. आमच्या वहीत दिसलं की जेवणं ठीकच होती, घोळ होता पाच ते सात. चॉकलेट पावडरचं दूध, त्यात वरून साखर, चार बिस्किटं, वाटीभर चिवडा, मग कार्टून बघताना पुन्हा बिस्किटं. आम्ही दोघं उशिरा येतो म्हणून जेवण साडेनऊला, झोप साडेअकराला आणि शाळा सकाळी सातची. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडाकडे हात जातो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

दुसरा आठवडा: किराण्याची यादी

मुलाला "खाऊ नकोस" म्हणायचं आणि डबा समोर भरलेला ठेवायचा, हा त्याच्यावर अन्याय आहे. जे रोज नको ते घरात साठवूच नका. मोठ्यांसाठीही नाही, बाबांचं फरसाण वरच्या फळीवर लपवलं तरी मुलांना ते दिसतंच. साखरेचा हिशोब सोपा आहे. दोन वर्षांपुढच्या मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असावी, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. म्हणजे चहाचे सहा चमचे. कोलाच्या २५० मिलीच्या बाटलीत जवळपास तेवढीच असते.

आजीला बाजूला सारू नका

ही पायरी मला सगळ्यात जड गेली. माझ्या सासूबाईंनी लहानपणी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय, लाल मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीवर दिवस काढलेत. नात गुटगुटीत दिसली की त्यांचा जीव निवांत होतो. त्यांना "तुम्हीच लाडावून ठेवलंय" म्हणणं चूक होतं आणि मी ते एकदा म्हटलंही. नंतर मी त्यांच्याजवळ बसले, डॉक्टरांनी मानेबद्दल काय सांगितलं ते समजावलं आणि पाच वाजताचं खाणं पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवलं. त्यांनी थालीपीठ, मटकीची उसळ, ज्वारीच्या लाह्या सुरू केल्या. पेरू चिरून तिखट-मीठ लावून देतात. बिस्किटांची आठवण पंधरा दिवस निघाली, मग निघेनाशी झाली.

ताटाचे नियम

काय शिजवायचं आणि किती वाजता जेवायचं, ते मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं, ते मुलाला ठरवू द्या. सुरुवातीला थोडंच वाढा, पुन्हा मागितलं तर पुन्हा वाढा. "ताटात टाकायचं नाही" या शिकवणीपायी पोट भरल्यावरही घास ढकलले जातात आणि मूल भूक ओळखायला विसरतं. "भाजी संपवलीस तर आइस्क्रीम" हेही बंद करा. त्याने भाजी शिक्षा ठरते आणि आइस्क्रीम बक्षीस. पूर्वी चिऊ-काऊचे घास अंगणात भरवले जायचे, आता ते मोबाइलसमोर भरवले जातात. जेवताना टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि यात बाबाही आले.

खेळ

पाच वर्षांपुढे रोज किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. क्लास लावायलाच हवा असं नाही. लंगडी, दोरीच्या उड्या, सायकल, काहीही चालेल. आम्ही जेवणाची वेळ आठवर आणली आणि नंतर तिघं चालायला जातो. मुलं आपल्याला चालताना पाहतात, तेव्हा ती चालतात.

हे मात्र करू नका

"जाडी", "ढोली" असलं लाडानेही म्हणू नका. पाहुण्यांनी म्हटलं तर तिथेच थांबवा. रोज वजन करू नका, उपास किंवा डाएट लावू नका. वाढत्या वयात उंची वाढत असताना वजन तेवढंच राहिलं, तरी बऱ्याच मुलांना पुरतं. नक्की काय हवं ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. त्यांच्याकडे भारतीय मुलांसाठीचे २०१५ चे वाढीचे तक्ते असतात. शेजारच्या मुलाशी तुलना करून काही कळत नाही. मान किंवा काख काळवंडणं, झोपेत मोठ्याने घोरणं, गुडघे दुखणं यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका. जाताना ती वहीही सोबत घ्या. तपासताना डॉक्टर जे विचारतील, त्यातलं बरंचसं त्यात लिहिलेलं असेल.