ट्रायकॉन्टॅनॉल फवारताना या चुका टाळा

भाजीपाल्याच्या प्लॉटवर सल्ला देण्यासाठी फिरताना एकाच संजीवकाबाबत (पिकाच्या वाढीला चालना देणाऱ्या औषधाबाबत) मला सतत त्याच त्या चुका दिसतात. ते संजीवक म्हणजे ट्रायकॉन्टॅनॉल. तीस कार्बन अणूंची साखळी असलेले हे फॅटी अल्कोहोल पानांवरील मेणाच्या थरात असते, तसेच संयुगाच्या रूपात मधमाशीच्या मेणातही सापडते. लसूणघासातून मिळालेल्या या पदार्थाने रोपांची वाढ सुधारते, हे अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या स्टॅन्ली रीस व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवले.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रमाण वाढवणे. ०.१ टक्के तीव्रतेच्या एक लिटर औषधात मूळ ट्रायकॉन्टॅनॉल जेमतेम एक ग्रॅम असते. त्यातले एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात टाकले की द्रावणात दहा लाखांत एक भाग उतरतो, आणि एवढ्या अल्प मात्रेवरच त्याचे काम चालते. ते खत नाही. पिकाला ते अन्न पुरवत नाही, तर असलेल्या अन्नाचा वापर वाढवण्याची सूचना पेशींना देते. बाजारात ०.०५ टक्के तीव्रतेचेही औषध मिळते, म्हणून शेजाऱ्याचे माप न विचारता आपल्याच बाटलीवरचे लेबल वाचावे.

नारायणगाव परिसरातील एका तरुण शेतकऱ्याचा टोमॅटोचा प्लॉट मी विसरू शकत नाही. रोपे पिवळी पडून खुंटली होती, म्हणून त्याने दर आठवड्याला चौपट प्रमाणात, तेही भर दुपारी, अशा तीन फवारण्या केल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा पानांच्या कडा करपलेल्या होत्या. एक झाड उपटून पाहिले, तर मुळांवर सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठीच गाठी होत्या. खरा रोग जमिनीत असताना तीन आठवडे केवळ पानांवर खर्च झाले, आणि ते करपणेही बहुधा औषधातील द्रावक व उन्हाने एकत्र केलेले नुकसान होते. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: दोन-तीन झाडांची मुळे स्वतः पाहिल्याशिवाय मी कोणालाही संजीवक सुचवत नाही. एवढाही धीर नसलेल्या नवख्या शेतकऱ्यांची मला काळजी वाटते, कारण दुकानात उभ्या उभ्या घेतलेला निर्णय हंगामभर भोगावा लागतो.

दुसरी चूक म्हणजे एकाच पंपात चार-पाच औषधे एकत्र करणे. रीस यांच्याच गटाने पुढे दाखवले की, अठ्ठावीस कार्बनचे ऑक्टाकोसॅनॉल आणि काही इतर लांब साखळीची संयुगे ट्रायकॉन्टॅनॉलचा परिणाम रोखतात. इतके नाजूक काम करणाऱ्या पदार्थाला गर्दीत का टाकावे? मी ते नेहमी एकटेच फवारायला सांगतो, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

बाटली न हलवता माप घेऊ नये. ट्रायकॉन्टॅनॉल मेणासारखे असल्याने पाण्यात विरघळत नाही, ते केवळ इमल्शनच्या (पाण्यात बारीक थेंब पसरवून केलेल्या मिश्रणाच्या) आधाराने तरंगते.

सुरक्षिततेबाबत तर फारच मोठा गैरसमज आहे. ‘मेणच आहे, काही होत नाही’ असे म्हणत उघड्या हातांनी औषध ढवळणारे मी पाहिले आहेत. ट्रायकॉन्टॅनॉलची स्वतःची विषारता कमी आहे हे खरे. पण बाटलीत द्रावक आणि इमल्सीफायर (हे मिश्रण टिकवणारा पदार्थ) हेही असतात. शिवाय ‘फॅटी अल्कोहोल’ या नावावरून सगळ्यांना निरुपद्रवी ठरवता येत नाही. याच कुळातले दहा कार्बनचे डेकॅनॉल तंबाखूचा शेंडा खुडल्यानंतर पानांच्या बगलेत येणारे कोवळे फुटवे मारण्यासाठी वापरतात, कारण ते स्पर्श होताच कोवळ्या पेशी सुकवते, आणि डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह करते. साखळीची लांबी बदलली की गुणधर्मही बदलतात. म्हणून हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच द्रावण तयार करावे. डोळ्यांत थेंब उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि दवाखान्यात जाताना बाटलीचे लेबल सोबत न्यावे.