शेअरची ‘खात्रीची टिप’ मेलवर आली, तर ती कशी तपासावी

मे महिना सरता सरता वाशीच्या दलालाकडून आंब्याची पट्टी येते, बागायतदाराच्या खात्यात वर्षभराची रक्कम जमा होते, आणि ती कुठे गुंतवावी याचा विचार चालू असतानाच मोबाइलवर एखादा मेल येऊन पडतो: अमुक कंपनीचा शेअर आज १५ रुपयांना आहे, मोठे कंत्राट मिळालेले आहे, बातमी जाहीर होण्याआधी घ्या, महिन्याभरात ४० होईल. मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या चाकरमान्यांनाही हेच मेल येतात. कधी तो मेल दुसऱ्याच कोणाला लिहिलेला आणि चुकून आपल्याकडे आलेला भासतो. ती चूक मुद्दाम केलेली असते.

हंगामाच्या तोंडावर मुहूर्ताच्या पेटीला मिळालेल्या भावाने आपली सगळी बाग विकली जाईल, असे देवगडचा किंवा राजापूरचा कोणताही बागायतदार धरून चालत नाही, कारण तो भाव एका पेटीचा असतो. लहान कंपनीच्या शेअरचा पडद्यावर दिसणारा भावही पुष्कळदा असाच थोड्याशा व्यवहारांवर ठरलेला असतो. समजा, एखाद्या कंपनीच्या जेमतेम ५,००० शेअरची रोज उलाढाल होते. एक टोळी आधी महिना-दोन महिने ८–१० रुपयांनी शांतपणे खरेदी करते, मग आपापसांतच खरेदी-विक्री करून भाव १५ वर नेते, आणि त्यानंतर लाखो लोकांना मेल पाठवते. त्यांपैकी अवघ्या ३०० जणांनी प्रत्येकी २५,००० रुपये लावले, तरी ७५ लाख रुपयांची, म्हणजे १५ रुपयांच्या भावाने पाच लाख शेअरची मागणी तयार होते. एरवी शंभर दिवसांत होणारी ती उलाढाल. एवढा माल त्या वेळी विकायला असतो तो फक्त त्या टोळीकडेच. मेल पाठवण्याचे सगळे कारण हेच आहे: त्यांना आपला माल घेणारे गिऱ्हाईक हवे असते.

माल संपला की मेल थांबतात आणि भाव उतरू लागतो. दिवसाला ५ टक्क्यांची मर्यादा असलेल्या शेअरला सलग दहा दिवस लोअर सर्किट लागले, म्हणजे भाव रोज त्या मर्यादेच्या तळाशी जाऊन अडकला, तर भाव सुमारे ४० टक्क्यांनी खाली येतो, आणि त्या दिवसांत विकणाऱ्यांची रांग असली तरी घेणारा जवळजवळ नसतो. गुहागरकडच्या आमच्या एका नातलगांची निवृत्तीची रक्कम अशीच अडकली, आणि लाजेपोटी त्यांनी ती गोष्ट वर्षभर घरात सांगितली नाही; त्यात त्यांनी लाजावे असे काहीही नव्हते.

हे प्रकार जुने आहेत. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने मार्च २००७ मध्ये अशा मेलमधून गाजवलेल्या ३५ कंपन्यांच्या शेअरचे व्यवहार तात्पुरते थांबवले होते. आपल्याकडे साधना ब्रॉडकास्ट या कंपनीबाबत यूट्यूबवर दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती टाकल्याच्या प्रकरणात सेबीने, म्हणजे आपल्या शेअर बाजार नियामकाने, मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. एक बडा उद्योगसमूह ही कंपनी घेणार असल्याचे त्यांत खोटेच सांगितले होते.

तेव्हा मेल आला की त्यातील दुव्याला हात लावू नये आणि उत्तरही देऊ नये. पाठवणाऱ्याच्या नावाखालचा खरा पत्ता उघडून पाहावा. सल्लागार म्हणवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर शोधावा. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक ‘आयएनएच’ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो. मात्र दुसऱ्याचा क्रमांकही चोरून वापरला जातो, म्हणून संपर्क तिथे नोंदलेल्या पत्त्यावरच करावा.

सर्वांत उपयोगाची तपासणी बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर होते, आणि तिला दहा मिनिटे पुरतात. कंपनीने बाजाराला कळवलेल्या घोषणांत ते कंत्राट आहे का, हे पाहावे. नसेल, तर बातमी बहुधा खोटी आहे. आणि अप्रकाशित बातमी खरी निघाली, तर तिच्या आधारे व्यवहार करणे २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांच्या विरुद्ध जाते. दोन्ही परिस्थितींत खरेदीला आधार उरत नाही. त्यानंतर मागील तीन महिन्यांची रोजची उलाढाल पाहावी आणि शेअर देखरेखीच्या, म्हणजे बाजाराने खास नजर ठेवलेल्या शेअरच्या, यादीत आहे का, तेही तपासावे. न मागता आलेल्या संदेशांत ज्यांची नावे फिरतात, अशा शेअरची यादीही बाजार प्रसिद्ध करतात.

शेअर घेऊन झालेला असेल, तर भाव पडल्यावर खरेदीची सरासरी किंमत कमी करण्यासाठी आणखी घेऊ नये. लोअर सर्किट लागत असताना विक्रीचा आदेश सकाळी शक्य तितक्या लवकर लावावा, कारण एकाच भावाचे आदेश आलेल्या वेळेच्या क्रमाने जुळवले जातात.

मेल पुसू नये. तो जसाच्या तसा जपून सेबीच्या १८०० २२ ७५७५ या निःशुल्क क्रमांकावर तक्रारीची पद्धत विचारावी. नोंदणीकृत सल्लागार, दलाल किंवा कंपनी यांच्याविरुद्धची तक्रार स्कोअर्स या सेबीच्या तक्रार संकेतस्थळावर करता येते. पैसे कोणाच्या खात्यात किंवा बनावट ॲपवर पाठवले असतील, तर त्याच दिवशी, शक्य झाल्यास त्याच तासात, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, म्हणजे रक्कम पुढे वळवली जाण्याआधी बँकेत अडवता येण्याची शक्यता राहते.